आत्याची न तुटणारी पोत

कोपरा फाडलेलं, मयताची खबर आणणारं कार्ड कोणी हातात देत नाही. आमच्या शाळेच्या शिपायानं ते दोन बोटांच्या चिमटीत धरून आणलं, टेबलाच्या कडेला ठेवलं आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. वर्गात तिसरीच्या मुली बाराचा पाढा म्हणत होत्या. अक्षर मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, शिसपेन्सिलीचं, एकेक ओळ उतरणीला लागलेली. 'तुझी आत्या सोमवारी दुपारी गेली. त्रास झाला नाही. दहाव्याला ये.' एवढंच. मी ते वाचलं, रीतीप्रमाणं फाडून टाकलं आणि 'बारा सत्ते चौऱ्याऐंशी'वर अडखळलेल्या मुलींना म्हटलं, पुढं म्हणा. त्यांनी पाढा संपवला, पुन्हा पहिल्यापासून म्हटला, तिसऱ्यांदा म्हटला... थांबा म्हणायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. शेवटी एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, बाई, घसा दुखतोय.

आज या गोष्टीला दीड महिना झाला. माझी आत्या काही मोठी बाई नव्हती. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिच्यावर कोणी लिहावं असं तिनं काही केलं नाही, आणि कोणी लिहिलं असतं तर तिनं त्या कागदात मणी बांधून ठेवले असते. तरी मी लिहिते आहे. माझा स्वभाव तसा तुसडा, गळ्यात पडून रडणं मला जमत नाही, आणि मेलेल्या माणसाचे गोडवे गाणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. लिहायचं कारण इतकंच, की एक गोष्ट तिला सांगायची होती, ती पंचवीस वर्षांत सांगितली नाही, आणि आता सांगायला ती राहिली नाही.

भागूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव तिकोणा पेठ. मी चार वर्षांची असताना आई गेली. शेत आणि दोन म्हशी सांभाळून मला सांभाळणं वडिलांना जमेना, तेव्हा आत्या येऊन मला लोणावळ्याला घेऊन गेली. तिचे यजमान, आम्ही आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतो, रेल्वेत तारेच्या खांबांवर चढायच्या कामाला होते. रुळांच्या पलीकडं रेल्वेच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. आत्या उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की ती चाळीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाच्या बाईनं 'ओ' द्यावी. तिची माया परक्या माणसाला भांडणासारखी वाटायची. 'मर तिकडं, पन आधी जेवून घे,' हे तिचं रोजचं वाक्य. मी तापानं फणफणले की ती तापालाच शिव्या द्यायची, आणि त्या इतक्या अस्सल असायच्या की मामा उठून बाहेर जायचे.

उन्हाळ्यात मुंबईची पारशी मंडळी लोणावळ्याच्या बंगल्यांत येऊन राहायची. तशाच एका बंगल्यात आत्या धुण्याभांड्याला जात असे. तिथल्या बाईंची मण्यांची माळ एकदा चाफ्याच्या फांदीत अडकून तुटली. दोऱ्यातली असती तर मणी अंगणभर घरंगळले असते, पण ही तुटली तरी एक मणी सांडला नाही. आत्या ती माळ हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली. भांडी तशीच. प्रत्येक मण्यातून तारेचा वेगळा तुकडा गेलेला, त्याची दोन्ही टोकं वळवून बारीक कड्या केलेल्या, आणि एका मण्याची कडी पुढच्या मण्याच्या कडीत गुंतवलेली. एक कडी उमलली म्हणून बाकीच्यांना काही होत नाही. आत्यानं ती माळ घरी आणली, मामांच्या पकडीनं सांधली, आणि सांधताना तिच्या डोक्यात जे आलं ते त्या पारशीणबाईंच्या कधी डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. आत्याच्या डोळ्यांपुढं भातलावणीच्या बायका आल्या.

मावळात भाताची लावणी म्हणजे बायका दिवसदिवस चिखलात वाकलेल्या. गळ्यातली काळी पोत पुढं लोंबते, रोपांच्या मुठीत अडकते, दोरा भिजून भिजून कुजलेला असतो, आणि मग एक हिसका बसला की काळे मणी काळ्या चिखलात. मंगळसूत्र तुटलं असं आम्ही म्हणत नाही, वाढलं म्हणतो. पण शब्द बदलला म्हणून बाईच्या काळजाचं धडधडणं थांबत नाही. नवी पोत गाठवून होईपर्यंत दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात अडकवायचं, आणि नवरा घरी येईतो बांधाकडं डोळे लावून बसायचं. कुरवंड्याची एक बाई रडत आली होती ते मला आठवतं. 'आत्याबाय, ह्या सालात तिसऱ्यांदा वाढली. सासू म्हनती, तुझ्या गळ्यातच खोट हाय.' आत्यानं तिला गूळपाणी दिलं, सासूचा उद्धार केला, आणि दहा दिवसांनी तिच्या गळ्यात तारेची पोत घातली. दुसऱ्या वर्षी त्या बाईबरोबर गावातल्या सहा जणी आल्या.

दुपारची कामं उरकली की आत्या खिडकीत बसायची. पुढं धुतलेल्या धोतराचं पांढरं फडकं, त्यावर काळे मणी. पितळेची बारीक तार मामा पुण्याहून आणायचे. आत्या तारेचा तुकडा मण्यातून घालायची, टोक दाभणाभोवती गुंडाळायची, दाभण काढलं की कडी तयार. मग पकडीनं हलकेच दाबून तोंड बंद. दाभण, पकड, मणी, दाभण, पकड... एका पोतीला आठ-दहा दुपारी लागत. ज्या मण्याचं भोक बुजलेलं असेल तो वेगळा काढायचं काम माझं, आणि एखादा नजरेतून सुटला तर पाठीत धपाटा; पुढं कड्या वळवायलाही तिनं मला शिकवलं. पितळेनं घामात गळ्यावर हिरवट वळ उठतो, त्यावर ती बायकांना चिंचेनं पोत घासायला सांगायची. आणि कोणी शंका काढली, की एवढीशी तार कशी टिकेल, तर तिला फार राग यायचा. मग ती पोत खुंटीला अडकवायची, तिला पाण्यानं भरलेला तांब्या लटकवायची आणि तांब्याला झोके द्यायची. 'बघ, बघ की! तुटती का?' एकदा भिंतीतली खुंटीच उपटून आली. पाणी सगळं बघणाऱ्या बाईच्या अंगावर, आणि पोत जशीच्या तशी. हा किस्सा आत्यानं वर्षभर पुरवला.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. सासर सुदुंबऱ्याचं, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा अठरा वर्षांचा. वडिलांनी कुठूनतरी चांदीची तार आणली. माझी लेक, तिला पितळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. आत्यानं ती तार बोटाला गुंडाळून पाहिली आणि परत दिली. 'मऊ हाय रं. माझ्या पोरीला असली नगं.' तिनं पितळेचीच घेतली, आणि आजवर कोणाला केलं नव्हतं ते माझ्यासाठी केलं. प्रत्येक कडीला दुहेरी पीळ दिला. पंधरा दिवस ती त्या खिडकीतून उठली नाही. मामांनी सहज सुचवलं, की त्या पारशीणबाईंच्या माळेला मागं आकडा होता, तसा एक लाव, काढायला-घालायला बरं. आत्यानं हातातली पकड खाली ठेवली. 'मंगळसूत्र काय काढ-घाल करायची वस्तू हाय व्हय?' शेवटची कडीसुद्धा तिनं बाकीच्या कड्यांसारखीच वळवली, फक्त तोंड दाबायचं ठेवलं. डोक्यातून घालण्याइतकीही ती पोत सैल नव्हती. मांडवात आत्यानंच ती माझ्या गळ्याभोवती धरली, मागं पकडीनं शेवटची कडी दाबली आणि माझ्या कानात म्हणाली, 'जा. जन्माला पुरंल.'

नवऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही. दीड वर्षाचा संसार, त्यातही निम्मा वेळ मी माहेरी. तो हसरा होता. चारचौघांत माझ्याकडं बघायचा नाही आणि गोठ्याच्या आडोशाला गाठून चिडवायचा. त्यानं एकदा माझी पोत बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाला, 'ही पोत हाय का बैलाचा कासरा? तुझ्या आत्याला वाटलं का, मी तुला सोडून पळून जाईन?' मी त्याच्या हातावर चापट मारली. त्याची म्हणून जपून ठेवलेली एवढीच आठवण.

पहिल्या लढाईच्या शेवटी मानमोडीचा ताप आला, तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. दसऱ्यानंतर घराघरातून माणसं पडायला लागली. सुदुंबऱ्यात एका दिवशी एका आळीतून तीन मयतं निघालेली मी पाहिली. नवरा आजारी पडल्याचं कळलं तशी आत्या लोणावळ्याहून आली, वडगावपर्यंत गाडीनं आणि पुढं पायी. तीन दिवस ती त्याच्या उशाशी काढे करत बसली. तापाला शिव्या द्यायला तिनं सुरुवात केली तेव्हा मला धीर आला, कारण माझा ताप नेहमी त्या शिव्यांनी उतरायचा. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मयत उचलायच्या आधी बायकांनी मला मागच्या पडवीत नेलं. माझ्या सासऱ्यांची एक विधवा चुलती होती, म्हातारी, आम्ही तिला थोरली आई म्हणायचो. असल्या वेळी पुढं व्हायचा मान तिचा. बांगड्या फुटल्या. कुंकू पुसलं. मग तिनं माझ्या पोतीत बोटं घातली आणि हिसका दिला. रीत तशीच आहे, एका हिसक्यात दोरा तुटतो, मणी सांडतात, ते गोळा करून मयताबरोबर द्यायचे. पोत तुटली नाही. तिनं पुन्हा हिसका दिला. माझी मान पुढं गेली, मागं आली, पोत तशीच. म्हातारीला वाटलं हाताला जोर कमी पडला, तिनं दोन्ही हातांनी धरली आणि पाय भिंतीला लावून ओढली. मानेमागं काहीतरी चरचरत गेलं आणि पाठीवर ओलं झालं. बायका रडायच्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, 'अगं बया, सुटंना की.' दुसरी म्हणाली, 'त्येचा जीव अडकलाय.' बाहेर पुरुष खोळंबले होते, 'आटपा, आटपा' म्हणत होते. कोणी अडकित्ता आणायला धावली. त्या सगळ्या वेळात आत्या माझ्यासमोर उभी होती, तोंडावर पदर घेऊन.

मग ती पुढं आली. म्हातारीला तिनं बाजूला केलं, ढकललं म्हटलं तरी चालेल. माझ्या मागं गुडघे टेकून बसली. शेवटची कडी कुठली ते तिला एकटीलाच माहीत होतं. पकड लोणावळ्याला राहिलेली. तिनं नखांनी ती कडी उकलायचा प्रयत्न केला, पण दुहेरी पीळ तो, नखांना कसा दाद देणार... तेव्हा तिनं माझ्या मानेवर तोंड टेकलं आणि दातांनी ती कडी धरली. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. एकदा कट् असा आवाज झाला, तो तारेचा नव्हता, तिच्या दाताचा होता. मग कडी उघडली. पोत अख्खीच्या अख्खी, एकही मणी न सांडता, तिच्या हातात आली. ती तिनं थोरल्या आईकडं दिली आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. त्या दिवशी ती रडली नाही, कोणाला शिवी दिली नाही. त्या दिवसापासून तिचा आवाज कायमचा खाली आला.

वर्षभरानं आत्या मला न्यायला आली. सासरच्यांनी आडकाठी केली नाही, खाणारं एक तोंड कमी झालं. मामांनी मला शाळेत घातलं. चाळीतल्या बायका तोंडावर बोलून दाखवायच्या, की विधवेला शिकवून काय कलेक्टर करणार का. त्यांना उत्तर द्यायचं सोडून आत्या माझी पाटी पुसून द्यायची. मी शिकले, पुण्याला जाऊन मास्तरीण झाले, वडगावला शाळा मिळाली. हे सगळं तिनं माझ्यासाठी केलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते सरळ मनानं घेतलं नाही. मला वाटायचं, ही प्रायश्चित्त करते आहे. तिनं वाढलेलं प्रत्येक ताट मला त्या पडवीतलं वाटायचं. ती माझ्या तोंडाकडं बघून बोलायची, कधीच मानेकडं नाही. मागून जाताना माझा पदर ढळलेला दिसला की नजर फिरवायची. मला हे कळत होतं. एका शब्दानं मी ते संपवू शकले असते.

पोती करणं तिनं सोडलं नाही, पण त्यानंतर तिनं केलेल्या प्रत्येक पोतीत मानेमागची शेवटची कडी तारेची नसे. तिथं ती मेण लावलेला सुती दोरा बांधायची. बाकी सगळं तेच, मणी तेच, हात तोच, आणि मागं दोन बोटं दोरा. साहजिकच लावणीत तो कुजायचा आणि पोत वाढायची. बायका परत यायला लागल्या. 'आत्याबाय, पयल्यावानी करून द्या की. तुमच्या हातची तुटत न्हाई म्हनून तर येतो आमी.' ती म्हणायची, 'दोराच ऱ्हाईल. पटत नसंल तर दुसरीकडं जावा.' आणि त्या खरंच गेल्या. बाजारातल्या एका माणसानं तिच्याच पोतीची घडण उचलून ती सगळी तारेची करून विकायला सुरुवात केली होती. भागूबाईचा हात गेला, आता तिच्यानं होत नाही, असं लोक बोलायला लागले. ज्या बाईला 'एवढीशी तार टिकेल का' एवढं विचारलेलं खपत नव्हतं, तिनं हे मुकाट ऐकून घेतलं. मामांनासुद्धा तिनं कारण सांगितलं नाही. चिडून ते मला विचारायचे, हिला झालंय तरी काय? मी पुस्तकात डोकं घालायची. मला माहीत होतं. तो दोरा कोणत्या दिवसासाठी होता हे त्या घरात आम्हां दोघींना माहीत होतं, आणि आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते. त्या पडवीत, पहिल्या हिसक्याला पोत तुटली नाही, तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. मी पंधरा-सोळा वर्षांची पोर होते. सकाळपासून एकेक जण हात टेकत गेला होता. वैद्यानं टेकले, देवानं टेकले, माझे वडील बाहेर दगडावर बसून होते आणि आत यायचं त्यांना धैर्य होत नव्हतं. ज्यानं त्यानं माझ्याकडून काही ना काही काढून घेतलं आणि मी घेऊ दिलं. तेवढी ती पोत मात्र ऐकेना. मान कापली जात होती आणि मी मनात म्हणत होते, तुटू नको, तुटू नको. माझ्या बाजूनं त्या घरात तेवढंच काय ते उभं होतं, आणि ते माझ्या आत्यानं केलेलं होतं. तिनं माझं वाटोळं केलं असं तिला जन्मभर वाटलं. मला एकदाही तसं वाटलं नाही. हे तिला सांगायला काय पैसे पडत होते? पण सांगितलं असतं तर तो दिवस दोघींना पुन्हा उघडावा लागला असता, आणि मी भित्री. आज नको, दिवाळीला सांगू. दिवाळीला नको, मे महिन्यात सांगू.

ही दुसरी लढाई सुरू झाली आणि बाहेरून येणारे काचेचे मणी बंद झाले. आत्याकडं फारसं कोणी येत नव्हतंच, पण बसायची सवय. जुन्या पोती उसवून ती त्यांतलेच मणी पुन्हा गुंफायची. डोळे अधू झाले होते, दोन्हीत मोतीबिंदूचा सारा पडलेला, कानही जड होत चाललेले, बोटांनी चाचपून काम चालायचं. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा ती खाटेवर होती. खोकला, अंगात कणकण, पाय सुजलेले. मामा औषध आणायला गेले होते. ती म्हणाली, 'जवळ बस.' मी खाटेच्या कडेला बसले. तिनं हात पुढं केला, माझा खांदा सापडला, तिथून बोटं हळूहळू मानेमागं गेली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मण्याचं भोक तपासावं तशी ती त्या वणावरून बोट फिरवत राहिली.

'दुखतं का गं?' तिनं विचारलं.

'नाही गं. छे.'

'दिसत हुतं तवर इचारायची छाती झाली न्हाई. आता दिसत न्हाई, म्हनून इचारलं.'

बस्स, एवढंच. दार उघडलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. आणि मी काय म्हणाले? 'गाडीची वेळ होतेय, आत्या. पुढच्या रविवारी येते.' लढाईमुळं गाड्यांचा भरवसा नव्हता हे खरं, सगळ्या गाड्या सोजिरांनी भरलेल्या हे खरं, पण त्या दिवशी स्टेशनवर मी दीड तास बाकावर बसून होते हेही खरं. पुढच्या रविवारी शाळातपासणीची तयारी होती. त्याच्या पुढच्या सोमवारी ती गेली.

दहाव्याला गेले ती तेराव्यापर्यंत राहिले. बाराव्या दिवशी दुपारी कुरवंड्याची एक बाई दारात उभी राहिली. आत्या गेल्याचं तिला ठाऊक होतं, बोलायला तिला जड जात होतं. लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, मणी कुठं मिळत नाहीत, तिनं आपल्या सासूची जुनी पोत उसवून आत्याकडं मणी दिलेले. मामांनी फळीवरचा डबा काढून दिला. पोत पुरी झालेली होती. फक्त शेवटचा सांधा राहिला होता, आणि त्यासाठी मेण लावून, मापानं कापून ठेवलेला दोरा डब्यातच होता.

'मी करून देते,' मी म्हटलं, आणि माझ्या तुसड्या स्वभावाप्रमाणं पुढं जोडलं, 'माझ्या हातची चालणार असेल तर.'

तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं. ती लगेच हो म्हणाली नाही. खरोखर विचार करत होती, आणि मला ते आवडलं. 'आत्याबायनी शिकीवलंय न्हवं?' ती म्हणाली. 'मग करा.'

मी खिडकीत बसले. दोरा हातात घेतला, खाली ठेवला. तार कापली. दाभणावर वळवून बारीक आकडा केला, बोटानं दाबला की उघडेल असा. हात विसरला होता, दोनदा तार मोडली, तिसऱ्यांदा जमला. तिला तो उघडून दाखवला तशी ती दचकून मागं सरकली. 'अगं बाई, मंगळसूत्र कशापायी उघडायचं? अभद्र!'

'उघडू नका,' मी म्हटलं. 'कधी उघडायची वेळ न येवो. पण आली तर ओढू द्यायची नाही. हे लेकीला सांगा, तिच्या सासूला सांगा. काही झालं तरी ओढायची नाही.' माझा आवाज चढला होता आणि पदर खाली आला होता. ती माझ्या मानेकडं बघत राहिली. मग तिनं पुढं होऊन तो आकडा स्वतःच्या बोटांनी दाबून पाहिला, एकदा, दोनदा, आणि खालच्या आवाजात विचारलं, 'आन् येरवी तुटनार न्हाई न्हवं?'

'नाही. माझी तुटली नव्हती.'

पोत पदराच्या गाठीत बांधून ती गेली. मी आतल्या खोलीत गेले. खाटेवर आत्याची वळकटी होती, तिला टेकून बसले. आणि मग जे पंचवीस वर्षं जमलं नव्हतं ते मी त्या वळकटीला सांगायला लागले. आत्या, ती तुटली नाही ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं गं... मी तुझ्यावर कधी रागावले नव्हते गं... शब्द नीट येत नव्हते, पुटपुटल्यासारखं होत होतं. बाहेरच्या खोलीतून मामांनी विचारलं, 'कुनाशी बोलतीस?'

'आत्याशी,' मी म्हटलं.

मामा दारापर्यंत आले. मग म्हणाले, 'मोठ्यानं बोल, पोरी. तिला शेवटी शेवटी ऐकू येत न्हवतं.'